गजापर्यंतचं अंतर

मे १९५४. शिवालिकच्या डोंगररांगेकडे तोंड करून तुम्ही उभे आहात. शहर म्हणावं असं अजून काही दिसत नाही. मोकळं रान, मधूनच आमराई, आखलेले पण धुळीत हरवलेले रस्ते आणि समोर बांबूंच्या परांच्यांचं रान. त्या बांबूंच्या आत पंजाबच्या उच्च न्यायालयाची इमारत वर येते आहे.

फाळणीत लाहोर पलीकडे गेलं आणि अलीकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. मग काही वर्षं सिमल्यातून कसाबसा कारभार चालला. नव्या राजधानीचा, चंडीगडचा, पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला होता; १९५० साली नोविकी विमान अपघातात गेले. मग थापर आणि वर्मा हे दोन अधिकारी युरोपात गेले आणि वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएला राजी करून आले. तो वर्षातून दोनदा येतो. इथे राहून रोजची कटकट सोसतो तो त्याचा चुलतभाऊ पिएर जानेरे आणि त्याच्यासोबतची तरुण भारतीय मंडळी. त्या मंडळींच्या यादीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही मराठी कानाला ओळखीची नावंही आहेत. तिकडे पॅरिसमधल्या कचेरीत पुण्यात जन्मलेला, जे. जे.मध्ये शिकलेला बाळकृष्ण दोशी याच शहराच्या नकाशांवर वाकून बसलेला आहे.

पण नकाशे राहू देत. तुम्ही या उतरत्या फळीवरून चढणाऱ्या बाईच्या मागे चला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात ओला माल. ऊन चाळिशीच्या वर गेलेलं. तिच्या पुढे दहा बायका, मागे दहा. वरच्या टोकाला ती मान किंचित तिरकी करते, घमेलं रिकामं होतं आणि ती न थांबता दुसऱ्या बाजूने उतरायला लागते. एवढ्या प्रचंड इमारतीतला किती तरी माल असाच, डोक्याडोक्यावरून वर गेला आहे.

ती जिथे घमेलं रिकामं करून गेली तिथे वाकून बघा. ऊन अडवण्यासाठी दर्शनी बाजूला ज्या उभ्या-आडव्या पात्या आहेत, त्यांतली ही एक. समजा, हीच आपली पाती. पुढची सत्तर वर्षं आपण हिच्याकडेच बघणार आहोत. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, मध्ये सळयांची जाळी. पाती बारीक, त्यामुळे सळई आणि फळी यांच्यात जागा थोडी. ती जागा राखायला कोणी तरी दगडाचे कपचे अडकवले आहेत. गवंडी सळईने माल कोचतो आहे, आणि त्या कोचण्यात एक कपचा निसटून खाली जातो. जाळी फळीकडे सरकते. कोणाच्या लक्षात यायचं कारण नाही. नकाशात गजावर जितकं काँक्रीट दाखवलं होतं, तितकं आता या वीतभर जागेत नाही. समजा, पंधराच मिलिमीटर आहे.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढे जे होणार आहे ते या आकड्यावरच.

काही दिवसांनी फळ्या उतरतात. जवळ जा, बोटं फिरवा. फळीची प्रत्येक रेघ उमटली आहे. इथे गाठ होती, तिचं वर्तुळ उमटलं आहे. इथे दोन फळ्या नीट जुळल्या नव्हत्या, त्या फटीतून सिमेंटचं पाणी बाहेर येऊन बारीक धार तयार झाली आहे. इथे माल नीट बसला नाही, खडी उघडी पडली आहे. दुसरा कोणी वास्तुविशारद असता तर उद्या गिलावा करायला लावला असता. मार्सेयमध्ये १९५२ साली पुऱ्या झालेल्या कॉर्ब्युझिएच्या मोठ्या वसाहतीत हाच पेच आला होता: कित्येक ठेकेदार, फळ्यांचे सांधे वाकडेतिकडे, काँक्रीट खडबडीत. तिथे कॉर्ब्युझिएने ते झाकायचं नाही असं ठरवलं. इथेही झाकणार नाहीत. घमेलं वाहणाऱ्या बाईचं नाव कुठल्याही दस्तात लागणार नाही. तिचं काम मात्र सगळ्यांना दिसेल असं उघडं राहील. मला या इमारतींमध्ये सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती हीच, आणि त्यांच्या दुरुस्तीबद्दल मी जे काही म्हणतो ते इथूनच येतं.

एक गोष्ट मात्र इथे तुमच्या डोळ्यांसमोर बिघडते आहे. ताज्या काँक्रीटला पाणी हवं असतं. ओली गोणपाटं टाकली आहेत, भिस्ती पाणी मारतो आहे, पण मे महिन्यातला हा कोरडा वारा गोणपाट बघता बघता वाळवतो. पाणी कमी पडलं की वरची साल आतल्या गाभ्यापेक्षा सच्छिद्र राहते.

१९ मार्च १९५५. नेहरू उद्घाटनाला आले आहेत. तुम्ही गर्दीच्या मागे, आपल्या पातीपाशी उभे राहा. भाषणं होतात, टाळ्या पडतात. ज्या क्षणी फळ्या उतरल्या त्या क्षणापासून हवा या भिंतीत शिरायला लागली आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा, दहा लाखांत तीनशे पंधराच्या आसपास भाग. आज तो चारशेवीसच्या वर गेला आहे. काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याची गाठ पडते आणि चुन्याची चुनखडी होते. काँक्रीट त्याने कमकुवत होत नाही. बदलतो तो त्याचा क्षारपणा. ताज्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि इतक्या क्षारात लोखंडावर एक अदृश्य पापुद्रा धरतो, जो त्याला गंजू देत नाही. सामू नवाच्या खाली उतरला की तो पापुद्रा टिकत नाही. म्हणजे या भिंतीत एक सीमारेषा आहे, बाहेर निवलेलं, म्हणजे क्षार गेलेलं, काँक्रीट आणि आत क्षारी, आणि ती रेषा आतमध्ये गजाकडे चालू लागली आहे.

तिची चाल विचित्र असते: सुरुवातीला भरभर, नंतर मंद. अंतर काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. आपल्या पातीत समजा पंचवीस वर्षांत पंधरा मिलिमीटर, तर तीस मिलिमीटरला शंभर वर्षं लागतील. गजावरचं काँक्रीट दुप्पट असेल तर आयुष्य चौपट. मुंबईच्या कुठल्याही साइटवर गज आणि फळी यांच्यातली जागा राखणारे कव्हर ब्लॉक बांधणाऱ्या पोराला हे एक वाक्य कोणी समजावून सांगत नाही, आणि त्याची किंमत सगळं शहर मोजतं.

१९६४. कॅपिटॉलच्या, म्हणजे या सरकारी इमारतींच्या, आवारात पलीकडे विधानभवन उभं आहे. त्याच्या भिंतींजवळ जा, कारण तिथे काँक्रीटमध्ये चिन्हं उमटवलेली आहेत. लाकडाचे छोटे साचे फळ्यांच्या आतल्या बाजूला ठोकून वर माल ओतला आणि फळ्या काढल्यावर ते आकार भिंतीत कायमचे राहिले. या भिंतीवर कधी काळी दोन बोटं जाडीचा गिलावा चढला तर हे सगळं कुठे जाईल, याचा विचार करा. उच्च न्यायालयाच्या प्रवेशाशी असलेले तीन उंच खांब दोनेक वर्षांपूर्वी हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगात रंगवले गेले आहेत. तोही निर्णय कॉर्ब्युझिएचाच. आपल्या पातीत सीमारेषा नऊ मिलिमीटरवर.

पुढच्या ऑगस्टमध्ये कॉर्ब्युझिए भूमध्य समुद्रात पोहताना जातो. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची वाटणी होते. एका राज्यासाठी बांधलेलं सचिवालय आणि विधानभवन आता दोन राज्यं वापरू लागतात. माणसं वाढतात, फायली वाढतात, तारा आणि नळ वाढतात. एखाद्या पातीला भोक पाडून खिळा ठोकला जातो, एखाद्या नळाचं पाणी महिनोन्महिने एकाच जागी ठिबकत राहतं.

१९८०. सीमारेषा आपल्या गजाला टेकली.

बाहेरून काही दिसत नाही. एखाद्या अभियंत्यानेही इथून जाताना मान वर केली तर त्याला शंका येणार नाही. पुढचं काम पाण्याचं आणि प्राणवायूचं. चंडीगडला वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. मग उन्हाळ्यात भाजून निघणं आणि जानेवारीत धुक्याने ओलं राहणं. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं. गंजाला याहून सोयीचं हवामान नाही. गंजलेलं लोखंड मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं. आत जागा नसते, म्हणून ते पंधरा मिलिमीटर काँक्रीटला बाहेर रेटतं. आधी गजाच्या रेषेत केसासारखी चीर. मग चिरेतून पाणी जास्त, गंज जास्त, चीर रुंद. मग तांबूस ओघळ.

१९८५ मध्ये जवळच, इतकी वर्षं कागदावरच राहिलेलं कॉर्ब्युझिएचं ‘उघडा हात’ हे शिल्प अखेर उभं राहतं, सव्वीस मीटर उंच. दहा वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९९५ रोजी, सचिवालयाच्या दाराशी झालेल्या बॉम्बस्फोटात मुख्यमंत्री बेअंत सिंग मारले जातात. त्यानंतर या आवारात सुरक्षेचे अडथळे वाढत जातात. ज्या मोकळ्या चौकात माणसांनी हिंडावं म्हणून हे सगळं आखलं होतं, तिथे सहज कोणी येईनासं होतं. माणसं येत नाहीत तिथे चिरा कोणी बघत नाही.

आता एका पावसाळी सकाळी, समजा १९९८ मध्ये, आपल्या पातीचा तुकडा निखळून खाली पडतो. तळहाताएवढा. वर गज उघडा, तपकिरी, पापुद्रे सुटलेला.

इथे जरा थांबा, कारण देशभरातल्या जुन्या काँक्रीटची खरी हानी अशाच सकाळी होते. एक माणूस शिडी घेऊन येतो. तो वाईट माणूस नाही, त्याला सांगितलेलं काम तो करतो आहे. तारेच्या ब्रशने गज वरवर घासतो, सिमेंट-वाळू कालवतो, थापीने खड्ड्यात भरतो आणि कडा बोटाने पातळ करून आजूबाजूच्या पृष्ठभागावर ओढतो. संध्याकाळपर्यंत काम संपलं. भिंतीवर गुळगुळीत, काळपट करडा ठिगळ. फळीच्या रेघा त्याच्याखाली गाडल्या गेल्या. पातळ कडा पहिल्याच उन्हाळ्यात सुटतील, हे तर आहेच. पण खरी गंमत आत घडते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. ठिगळाखालचा गज आता ताज्या, क्षारी मालात आहे, सुरक्षित. तोच गज ठिगळाच्या कडेपलीकडे जुन्या, निवलेल्या काँक्रीटमध्ये आहे. एकाच सळईच्या या दोन भागांत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि ठिगळाच्या भोवतीचा गज आधीपेक्षा वेगाने गंजतो. चार-पाच वर्षांत ठिगळाभोवती नवं कडं फुटतं. मग मोठं ठिगळ. मग त्याच्याभोवती आणखी. शेवटी कोणी तरी म्हणतं, सगळंच एकसारखं दिसू द्या, गिलावा करून रंग मारा. त्या दिवशी इमारत उभी राहते आणि संपते.

२०१६. जुलैमध्ये इस्तंबूलच्या बैठकीत चंडीगडचं कॅपिटॉल सात देशांमधल्या कॉर्ब्युझिएच्या सतरा कामांपैकी एक म्हणून जागतिक वारसा ठरतं. त्याच्या पुढच्याच एप्रिलमध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर या, रात्रीच्या वेळी. राज रेवाल यांचा हॉल ऑफ नेशन्स पाडतायत, १९७२ साली उभा राहिलेला, काँक्रीटच्या त्रिमिती जाळीचा. त्याचे रचना अभियंता महेंद्र राज. तरुणपणी पंजाबच्या बांधकाम खात्यात असताना त्यांनी याच चंडीगडच्या इमारतींवर कॉर्ब्युझिएबरोबर काम केलं होतं. एका माणसाच्या हयातीत त्याचं एक काम जागतिक वारसा झालं आणि दुसरं बुलडोझरखाली गेलं. हॉलला साठ वर्षं पुरी झाली नाहीत, म्हणून तो वारसाच नव्हे, असा तेव्हाचा युक्तिवाद होता. काँक्रीटला म्हातारं व्हायला आपण वेळच देत नाही.

आता आजच्या दिवसात या. आपल्या पातीसमोर परांची आहे, या वेळी लोखंडी पाइपांची. एका नेमक्या दुरुस्तीचा दिवस जसा असायला हवा तसा हा आहे. हातोडी घ्या, हलकी. वीतवीतभर सरकत ठोका. ठणठण, ठणठण, आणि अचानक भद्द. तिथे खडूने खूण करा. पुन्हा ठणठण. तुमच्या मागे एक मुलगी गजशोधक यंत्र सरकवते आहे. गज किती खोल आहे तो आकडा ती थेट भिंतीवर खडूने लिहिते: २८, २६, १५. ते पंधरा वाचताना निसटलेला कपचा आठवतो ना? या भिंतीवर तो अजूनही वाचता येतो.

मग आडबाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक बारीक नळकांडं कापून काढतात. ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. आतला, अजून क्षारी असलेला भाग क्षणात राणी रंगाचा होतो. बाहेरचा कडेचा पट्टा तसाच करडा राहतो. तो करडा पट्टा मोजा: पंचवीस मिलिमीटर. सत्तर वर्षं चालून ती सीमारेषा इथे पोचली आहे. आता तुम्हाला या भिंतीचा नकाशा करता येतो. जिथे गज पंचविसाच्या आत, तिथे काळजी. जिथे त्याहून खोल, तिथे अजून वेळ आहे, आणि तिथे हात लावायचा नाही. दुरुस्तीतला सर्वांत अवघड निर्णय हाच असतो की कुठे काहीच करायचं नाही.

जिथे करायचं तिथे मात्र पुरतं करायचं. कड कटरने सरळ कापतात, दहाएक मिलिमीटर खोल, म्हणजे पातळ कडा राहत नाही. आणि तो काप फळीच्या जुन्या रेघेवरूनच नेतात, म्हणजे सांधा त्या रेघेत मुरून जातो. गजाच्या मागूनही बोट जाईल इतकं काँक्रीट काढतात. गज चकचकीत होईपर्यंत साफ. ठिगळाच्या कडेला गजाला जस्ताचे छोटे तुकडे तारेने बांधतात. ते गजाऐवजी स्वतः झिजतात आणि ते कडं फुटू देत नाहीत. मोठ्या भागावर दुसरा उपाय आहे: बाहेरून जाळी आणि क्षारी लगदा लावून, विजेच्या प्रवाहाने काँक्रीटचा क्षार परत आणायचा, फोडाफोड न करता. त्याला दिवस जातात, कधी आठवडे, पण मूळ साल जागेवर राहते.

मग माल. इथे घाई करणाऱ्याला परांचीवर चढूच देऊ नका. या भिंतीचा रंग म्हणजे त्या काळचं सिमेंट, ती वाळू, ती खडी आणि सत्तर पावसाळे. आजचं सिमेंट बारीक दळलेलं, लवकर घट्ट होणारं. बाजारातला तयार दुरुस्तीचा माल जुन्या काँक्रीटपेक्षा फार ताकदीचा आणि ताठ असेल तर ऊन-थंडीत दोघे वेगवेगळे हलतील आणि जुनाच हरेल. म्हणून नमुने करायचे. वेगवेगळी वाळू, वेगवेगळं प्रमाण, फळीभर आकाराचे चौकोन, उत्तरेच्या आडबाजूला. एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्यायचा. मग बघायचं, ओल्यात आणि कोरड्यात, दोन्ही वेळा, कारण कोरडा असताना जुळणारा तुकडा पावसात वेगळा उठून दिसतो.

आणि फळी. सुताराला जुन्या भिंतीवरचा ठसा घेऊन फळी निवडावी लागते, रंधा न मारलेली, रेषा उठून दिसणारी. कुठल्या दिशेने रेषा जातात, गाठी किती अंतरावर येतात, सगळं बघून. आपल्या पातीतल्या तळहाताएवढ्या खड्ड्यासाठी छोटासा साचा बसतो, माल आत जातो, वर ओलं गोणपाट. या वेळी पाणी मारणाऱ्याने दिवस मोजायचे, आणि सात दिवस म्हणजे सातच.

साफसफाईत वाळूचा मारा कधी करायचा नाही. सिमेंटची वरची साल जाते आणि तिच्याबरोबर १९५४ च्या फळीच्या रेघा जातात. हलक्या दाबाचं पाणी, मऊ ब्रश, शेवाळापुरतं. काही काळे ओघळ राहू द्यावेत. शेवटी हवं तर बिनरंगी सिलेन, जे छिद्रं बुजवत नाही, नुसतं पाणी आत येऊ देत नाही. त्याने हवा थांबत नाही, पण पाणी नसेल तर गंज मंदावतो.

गेटी फाउंडेशनने २०१४ ते २०२० या काळात विसाव्या शतकातल्या इमारतींच्या जतनासाठी जगभर अनुदानं दिली. चंडीगडच्या सरकारी संग्रहालयालाही त्यातलं एक मिळालं. त्या सगळ्या कामांमधला पहिला टप्पा बहुधा कागदावरचा असतो: इमारत नेमकी कशाची बनली आहे, काय बिघडलं आहे, आणि कुठल्या गोष्टीला कधीच हात लावायचा नाही. आपल्याकडे परांची आधी चढते आणि असा कागद करायचं नंतरही कोणाला सुचत नाही.

मुंबईत तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीला रचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. ती झाली की अहवालात ‘पॉलिमर मॉर्टर आणि रंग’ अशी ओळ येते आणि सोसायटी सही करते. साध्या प्लास्टरच्या इमारतीला ते चालेलही. पण तुमच्या गावात, तुमच्या कॉलेजात, विद्यापीठात, पालिकेच्या नाट्यगृहात उघड्या काँक्रीटची भिंत असेल, तर अहवाल मंजूर होण्याआधी तीन गोष्टी मागा: गजावर किती काँक्रीट आहे त्याचा नकाशा, फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी आणि भिंतीवरच केलेला, एक पावसाळा काढलेला नमुना. तिन्हींचा खर्च सगळ्या भिंतीवर गिलावा चढवण्यापेक्षा कमी असतो. आणि एकदा गिलावा चढला की त्या फळ्यांच्या रेघा परत मिळत नाहीत.